एका पोत्यातली राख

साऊमावशीला या व्यवहारात वर्षाचे बावन्न शनिवार आणि बावन्न रविवार मिळायचे होते. द्यायची होती ती फक्त मोरीशेजारची हातभर जागा, मांजराच्या दोन पिल्लांना. चाळीस वर्षांच्या दुकानदारीत एवढा फायद्याचा सौदा तिने केला नव्हता, आणि हे तिलाही ठाऊक होतं. म्हणूनच हो म्हणण्याआधी तिने तोंड वाकडं करून चांगला अर्धा तास लावला. आपली गरज गिऱ्हाइकाला कळू द्यायची नाही, हा तिचा पहिला नियम. मग ते गिऱ्हाईक आठ वर्षांची सख्खी नात का असेना.

मावशीचं किराणा दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कालव्यावरच्या पुलाला लागून. समोर माझी कॉफीची गाडी. साऊ म्हणजे सहा. खरं तर ती घरातलं पाचवं अपत्य, पण आमच्याकडे, व्हिएतनामच्या दक्षिणेत कांथोला, थोरल्यालाच दोन नंबर देतात, म्हणून ती सहा. "जन्मतानाच एक आकडा फुकट लाटला हिने," असं तामकाका म्हणतात. तामकाका स्वतः नंबर आठ. आयुष्यभर होडी चालवली, आता माझ्याकडे एका कॉफीवर तीन तास चालवतात.

मावशीचा मुलगा तोआन आणि सून त्रिन नदीपलीकडे नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतात. त्यांची मुलगी तेप. तेप म्हणजे बारीक कोळंबी; शाळेच्या वहीवर वेगळं, भारदस्त नाव आहे, पण ते वहीवरच असतं. तेप सुट्टीच्या दिवशी कुठल्या आजीकडे जाणार, यावर दोन विहिणींमध्ये बरीच वर्षं गोड बोलून लढाई चालली होती. त्रिनच्या आईच्या इमारतीखाली पोहण्याचा निळा तलाव होता. मावशीच्या घराखाली कालवा होता. पाणी दोन्हीकडे, पण एकात नारळाच्या करवंट्या तरंगतात. गेलं वर्षभर मावशी लढाई हरत होती. श्राद्धाला आणि नव्या वर्षाच्या सणाला तेवढी नात तिच्या वाट्याला यायची. एरवी रविवारी दुपारी मावशी दुकानाच्या पायरीवर बसून दुसऱ्यांच्या नातवंडांना फुकट चिंचगोळ्या द्यायची. ज्या बाईने आपल्या दिराला काड्यापेटीदेखील उधार दिली नव्हती, तिने. यावरून काय समजायचं ते गल्लीने समजून घेतलं होतं.

अशा वेळी एका शनिवारी तेप शेवयांच्या रिकाम्या खोक्यात दोन पिल्लं घेऊन आली. शाळेच्या सायकल स्टँडमागे सापडली होती. इमारतीत जनावरं चालत नाहीत, आणि त्रिनच्या नाकाला तर मुळीच चालत नाहीत.

"आजी, तुझ्याकडे ठेवू?"

"मांजर? घरात मांजर आलं की दारिद्र्य येतं, कुत्रं आलं की वैभव. कुत्र्याची पिल्लं नव्हती का तिथे?"

"नव्हती."

"नीट बघितलंस?"

"आजी!"

"आणि बघणार कोण यांच्याकडे? मी की गिऱ्हाइकं?"

"मी येईन ना. शाळा असते तेव्हा नाही, पण शनिवारी येईन, राहीन, आणि रविवारी संध्याकाळी जाईन. दर आठवड्याला."

मावशीने पाठ फिरवली आणि आधीच नीट लावलेल्या मासळीच्या रसाच्या बाटल्या पुन्हा नीट लावल्या. मग म्हणाली, "ती म्हण चालून आलेल्या मांजराची आहे. ही काही चालून आली नाहीत, खोक्यातून आली. ती नोंद वेगळी."

पिल्लं धडधाकट राहावीत म्हणून आमच्याकडे नावं साधीसुधी, खाण्यापिण्याची ठेवतात. बोक्याचं नाव पडलं माम, म्हणजे खारवलेली मासळी. मांजरीचं मुओई, म्हणजे मीठ.

दुसऱ्या दिवशी त्रिन तोआनला घेऊन आली. त्रिन फोनवर व्हिडिओ लावून लिपस्टिका विकते, त्यामुळे बोलणं थोडक्यात आणि अटी आधी.

"आई, स्पष्ट बोलते, राग मानू नका. घरात मांजराची घाण दिसली, वास आला, तर तेपला मी इथे झोपू देणार नाही. एक महिना बघू. शेवटच्या रविवारी मी स्वतः येऊन बघेन. टबाबाहेर एक ठिपका जरी सापडला, तरी पिल्लं देवळातल्या भिक्षुणींकडे आणि तेप पोहायच्या वर्गाला. माझ्या आईने नाव घालूनच ठेवलंय."

"घालणारच," मावशी म्हणाली. "काळजी करू नको गं. मांजराला शिकवणं म्हणजे काय मोठं? तुझ्या नवऱ्याला मीच शिकवलं होतं."

तोआन फोनमध्ये आणखी खाली वाकून बघू लागला.

शिकवणं सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी दोन विद्यापीठांची टक्कर झाली. तेपने फोनवरून नियम उतरवून आणले होते, वहीची अडीच पानं. मावशीकडे तिच्या आईची पद्धत होती, ती एका ओळीची: राख टाका, मांजर आपोआप बसतं.

"आजी, दुकानात मांजरांची वाळू मिळते. सोयाबीनची. ओलं झालं की गोळा होतो, मग तो उचलून टाकायचा."

"सोयाबीन आपण खातो गं. मी खाल्लेलं मांजराने कशावर..." मावशीने वाक्य अर्धवट सोडलं. "पुलापलीकडे तांदळाच्या पापडांची भट्टी आहे. भाताचा तूस जाळतात. राख पोत्याने देतात, फुकट. आमच्या घरी चुलीच्या राखेतच पिढ्यान्‌पिढ्यांची मांजरं शिकली. एकसुद्धा नापास नाही."

राखेवर आजी जिंकली. मग टबांवर गाडं अडलं.

"दोन मांजरांना तीन टब लागतात. इथे लिहिलंय. मांजरं जितकी, त्याहून एक जास्त."

"आम्ही घरात नऊ माणसं होतो. संडास एक. तोही तळ्यावर, फळ्यांचा."

"मग कुणी बाहेर नाही गेलं?"

"गेलं ते माशांनी खाल्लं."

समोरून तामकाका ओरडले, "तेप, तू दोनवर तडजोड कर. तुझ्या आजीकडून दोन काढलेस तर राज्य चालवशील!"

दोनवर तडजोड झाली. मासळीचे दोन उथळ प्लास्टिकचे टब, काठ बुटके, पिल्लांना पाय टाकता येईल असे. दोन्हींत बोटभर राख. पिल्लांना पहिले काही दिवस मोरीशेजारच्या तेवढ्याच जागेत कोंडायचं, दूध-भात एका कोपऱ्यात, टब दुसऱ्या कोपऱ्यात. "जेवायच्या जागी कुणी करत नाही, आजी." खाऊन झालं की उचलून टबात ठेवायचं आणि त्यांचाच पुढचा पंजा धरून राख उकरून दाखवायची. तेप हे सगळं इतक्या गंभीरपणे करायची की मामही गंभीर व्हायचा आणि तिच्या मांडीत झोपून जायचा.

पहिल्या आठवड्याचा जमाखर्च वाईट होता. पिल्लं आडोसा ओलांडून निसटायची: गॅसच्या सिलिंडरमागे दोनदा, तांदळाच्या रिकाम्या पोत्यावर एकदा, मावशीच्या उजव्या चपलेत एकदा. चपलेच्या वेळी मावशीने मामचं मानगूट धरलं आणि नाक चपलेकडे न्यायला लागली.

"आजी, नाही! नाक घासायचं नाही, ओरडायचं नाही. ओरडलं की त्यांना वाटतं, करणंच चूक आहे. मग ती लपून करतात."

"मग चपलेला काय सांगू?"

"व्हिनेगरने पुसायची. आणि पुसलेलं फडकं टबात ठेवायचं, म्हणजे त्यांना वासाने कळतं की जागा ही."

तामकाका उसासा टाकून म्हणाले, "हे ना-ओरडण्याचं माझ्या आईला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर मी आज मोठ्या हुद्द्यावर असतो."

दुसऱ्या आठवड्यात मामला कळलं. मुओईला त्याच्या आधीच कळलं होतं, पण तिचे नखरे होते. दुसऱ्याने वापरलेल्या टबात ती पाय ठेवायची नाही. काठावर उभी राहून आत बघायची, मग मावशीकडे बघायची, आणि स्वच्छ टब समोर येईपर्यंत तशीच थांबायची. तिसऱ्या आठवड्यात दोघं इतकी तयार झाली की मावशीने प्रात्यक्षिकं सुरू केली. गॅसवाला, अंडीवाली, पोस्टमन, जो येईल त्याला स्टुलावर बसवायची. "बघा, आता खाल्लंय. थांबा जरा. जायची घाई आहे? माझ्या मांजरांना शिस्त आहे, तुम्हाला नाही?" गॅसवाल्याने खरंच थांबून पाहिलं. माम टबात गेला, बसला, उकरलं, झाकलं. गॅसवाल्याने टाळ्या वाजवल्या.

"राख दिसली की बसणार," मावशी म्हणाली. "दुसरीकडे बघायचं नाव नाही."

तेपचे तीन शनिवार या भानगडीत मावशीच्या खात्यावर जमा झाले. तेप तिच्याशेजारी झोपायची, सकाळी उठून आधी टब उपसायची आणि मग तोंड धुवायची. मावशी रविवारी पायरीवर बसेनाशी झाली. चिंचगोळ्या पुन्हा पैशांनी मिळू लागल्या.

पण माणसाला यश मिळालं की तो पहिली काटछाट करतो ती ज्यामुळे यश मिळालं त्यातच. तेप सोमवारी शाळेला गेली की मावशीने दुसरा टब धुऊन त्यात बदकाची खारवलेली अंडी मांडली. "भावंडं आहेत, एकमेकांची कसली लाज," असं मला म्हणाली. दिवसातून दोनदा उपसायचा टब एकदाच उपसू लागली. शुक्रवारी संध्याकाळी अंडी परत टोपलीत आणि टब परत मोरीत. तेपला पत्ता नाही. मुओईला मात्र पत्ता होता. सोमवार ते शुक्रवार मामने वापरलेल्या त्या एकुलत्या टबाच्या काठावर ती उभी राहायची, आणि तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसायचं की ही दुसरी सोय बघणार.

आता दुकानात गल्ल्यासमोर, जमिनीवर, दाराकडे तोंड करून मावशीचा लाल देव्हारा आहे. आत पांढऱ्या दाढीचा धनदेव आणि उघडं पोट घेऊन खदखदून हसणारा भूमिदेव. या दोघांची जागा जमिनीवरच, ती कुणी उंचावर नेत नाही. पुढे उदबत्त्यांचं चिनीमातीचं भांडं, काठोकाठ राखेने भरलेलं. भांडंही हलवायचं नाही. वर्षअखेरीला एकदा देवाची परवानगी काढून उपसायचं, तेवढंच. भूमिदेवाला दूध घातलेली कॉफी आवडते, म्हणून रोज सकाळी एक पेला मी नेऊन ठेवते. दुपारपर्यंत देव पितात, उरलेली तामकाका.

त्रिनच्या परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी मी पेला ठेवायला वाकले. उदबत्त्यांच्या जळक्या काड्या भांड्यात नेहमी सरळ रांगेत असतात. आज त्या कडेला लोटलेल्या होत्या, आणि मधोमध राखेचा एक नीट, गोल, मन लावून केलेला ढीग होता. वास येत होता तो चंदनाचा नव्हता.

"मावशी," मी विचारलं, "आज कुठली उदबत्ती लावलीय?"

मावशी आली, वाकली, सरळ झाली. तिने सकाळी आठ वाजता दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. तामकाका वाकून आत शिरले.

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," मी म्हटलं. "मांजर जाऊन आलं."

तामकाकांनी भांड्यात बघितलं, मोरीकडे बघितलं, काठावरून चिमूटभर राख घेऊन बोटांत चोळली. "साऊताई, ही तर टबातली राख दिसते."

मावशी चमचा शोधू लागली.

"नव्या वर्षाला सुनेने देवासाठी राखेची पुडी आणली होती ना? सोनेरी कागदातली, चिकट भाताच्या पेंढ्याची, सुवासिक? गल्लीभर दाखवलीस ती?"

"विकली."

"देवाची राख विकलीस?"

"पुडी फोडली नव्हती. न फोडलेली पुडी म्हणजे माल."

"आणि देवाला?"

"देवाला भट्टीची. पोत्यातली. राख ती राख. पाच महिन्यांत देवाने कधी तक्रार केली?"

"आज केली की. मांजराकरवी."

मावशीने कोऱ्या चमच्याने जेवढं उपसायचं तेवढं उपसलं, वर ताजी राख घातली, भूमिदेवापुढे सिगारेट पेटवून ठेवली आणि बशीत दोन नाणी टाकून विचारलं, माफ केलंत का? एक छापा, एक काटा आला तर हो. दोन्ही काटे आले तर नाही. दोन्ही छापे म्हणजे देव नुसते हसताहेत. तिने तीनदा टाकली. तिन्ही वेळा छापे.

"हसताहेत म्हणजे काय समजायचं?" तिने तामकाकांना विचारलं.

"म्हणजे हसताहेत."

मावशीला देवाची फार भीती नव्हती. तिने हिशेब आमच्यासमोरच मांडला. "देव रागावला तर एखादं वर्ष धंदा मंद. त्यातून निघता येतं. त्रिनला कळलं तर रविवार गेले. तेपला कोण आणणार इकडे? त्या विहीणबाईच्या तलावात काय कमी आहे?" आणि तिने मला आणि तामकाकांना कालव्याची शपथ घातली की त्रिनच्या कानावर काही जाणार नाही.

मग मावशीने तेच केलं जे मुओईने केलं होतं. झाकलं. भाज्या निथळायची स्टीलची मोठी चाळण देव्हाऱ्यापुढे भांड्यावर उपडी घातली. उदबत्ती लावायच्या वेळी उचलायची, विझली की परत. "धनदेवाला कैद झाली," तामकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. "जामीन मिळेना." दुसरा टबही अंड्यांकडून परत आला. शनिवारी तेपने विचारलं, "आजी, ही चाळण कशाला?"

"माश्या फार झाल्यात."

तेपने मान हलवली. आजी नातीशी खोटं बोलली तेव्हा मी नेमकी साखर मोजत होते. मी मोजतच राहिले.

रविवारी मावशी पहाटेच उठली आणि तिने घात केला. सुनेच्या नाकाला खूश करायचं म्हणून दोन्ही टब लिंबाच्या वासाच्या फरशीच्या साबणाने खसाखसा घासले, वाळवले, ताजी राख भरली. टबांना वासाचा साबण लावायचा नाही, असं तेपच्या वहीत दुसऱ्या पानावर होतं. पण तेप अजून झोपली होती.

नऊ वाजता त्रिन आणि तोआन आले. त्रिनने केस बांधले, फोनचा दिवा लावला आणि सिलिंडरमागे, पोत्यांखाली, कपाटाच्या पायांपाशी गुडघ्यांवर बसून तपासलं. प्रत्येक कोपऱ्यात वाकून वास घेतला. मी आणि तामकाका गाडीपाशी उभे होतो. इतकी बारीक झडती आम्ही सरकारी माणसांकडूनही पाहिली नव्हती. काही सापडलं नाही. त्रिन उठली, गुडघे झाडले.

"खरंच शिकली की."

"मी म्हटलं नव्हतं?" मावशी म्हणाली. तेपने तिची उशी बॅगेतून काढली आणि आजीच्या पलंगावर भिंतीच्या बाजूला ठेवली, कायमची जागा घेतल्यासारखी.

तेवढ्यात मोरीत मुओई टबापाशी गेली. वास घेतला. शिंकली. दुसऱ्या टबापाशी गेली. पुन्हा शिंकली.

"आलेच आहे तर देवाला उदबत्ती लावते," त्रिन म्हणाली. "नवा माल आलाय, तीनशे नग." ती देव्हाऱ्यापुढे बसली. "आई, ही चाळण?"

"माश्या."

"उदबत्तीवर माश्या?" तिने चाळण बाजूला ठेवली, तीन उदबत्त्या लावल्या, राखेत खोवल्या, हात जोडले, डोळे मिटले. तीनशे नगांची प्रार्थना लांब असते. मावशी मुओईला धरायला पुढे झाली, पण सून देवापुढे बसलेली असताना तिच्या मांडीवरून हात कसा घालणार? मुओई त्रिनच्या गुडघ्याला वळसा घालून आली, भांड्यावर चढली, तीन उदबत्त्यांच्या मधे नीट मापून बसली. धूर तिच्या दोन्ही कानांवरून वर जात होता. जुनी विसरलेली उधारी आठवत असल्यासारखं ती समोर बघत राहिली.

त्रिनने डोळे उघडले. मुओई उठली, वळली, काळजीपूर्वक उकरून झाकू लागली. एक उदबत्ती आडवी झाली.

त्रिन ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तोआन, खोकं आण."

तोआन जागचा हलला नाही. तेप मात्र हलली. ती पलंगाकडे गेली, उशी उचलली आणि बॅगेत घालायला लागली. रडली नाही. मावशी तिच्या हातांकडे बघत राहिली.

"आई," तेप चेन ओढता ओढता म्हणाली, "मुओईने चूक नाही केली. आम्ही तिला राखेत जायला शिकवलं. ती राखेतच गेली."

"देवाची राख वेगळी असते, तेप."

"तिला कसं कळणार?"

"वासाने. जनावराला वास कळतो. देवाच्या राखेला सुवास असतो. मी स्वतः आणली होती, पेंढ्याची, चांगल्यातली. तरी गेली, म्हणजे तिला शिस्त लागलीच नाही. अशा जनावराला घरात ठेवायचं नाही."

तामकाका आपल्या रिकाम्या पेल्यात बघू लागले. आम्ही शपथ घेतली होती. मावशीचे ओठ हलत होते. मोठ्या बिलाची बेरीज करताना हलतात तसे. गप्प बसली तर इभ्रत राहते आणि मांजर जातं, मांजराबरोबर रविवार. बोलली तर काय काय जाईल, याची बेरीज तिला लागत नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी ती बोलली.

"सुवास नव्हता. राख एकाच पोत्यातली. टबातली आणि देवापुढची. भट्टीवरची फुकटची. मीच भरली."

त्रिन देव्हाऱ्यापुढून उठली.

"आणि माझी पुडी?"

"विकली. सणानंतर पाचव्या दिवशी."

त्रिनने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आम्ही वाट बघत होतो की आता कुठला शब्द येतो.

"कितीला?"

"साठ हजार डोंगला."

"मी नव्वदला घेतली होती!"

"मग तुला फसवलं गं त्याने," मावशीच्या तोंडून निघून गेलं. "बाजारात पन्नासला मिळते."

तोआन हसला. एवढा वेळ दाबलेलं सगळं बाहेर आलं, आणि त्याला थांबवायला कुणाला सवड नव्हती. त्रिन त्या प्रात्यक्षिकांच्या स्टुलावर बसली. तिने देव्हाऱ्याकडे बघितलं. भूमिदेव नेहमीसारखेच हसत होते.

"आई, ज्याच्याकडे धंदा मागायचा, त्यालाच असा माल?"

"तो कुठे घासाघीस करतो," मावशी पुटपुटली. मग नातीच्या बॅगेकडे बघून, न वळता, म्हणाली, "मला जे म्हणायचंय ते म्हण. त्या मांजराला म्हणू नको. ती पास आहे."

मुओई झाकायचं काम संपवून पंजे चाटत बसली होती.

"ठिपका टबाबाहेर पडला," त्रिन शेवटी म्हणाली, "पण राखेबाहेर नाही पडला. पिल्लांची परीक्षा झाली. आता परीक्षा तुमची." आणि तिने बोटं मोजली. टब तीन. हो, तीन, आणि त्यात अंडी ठेवलेली मला दिसायला नकोत. (हे तिला कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही, तामकाका पुलाकडे बघत होते.) राख हळूहळू कमी करून सोयाबीनची वाळू, दोन आठवड्यांत पूर्ण. देवाचं भांडं परवानगी काढून ती स्वतः उपसणार, स्वतः भरणार. "आणि दर शनिवारी तेपला सोडायला मी येईन, दुपारपर्यंत बसेन आणि सगळं बघेन."

"दर शनिवारी?" मावशीने विचारलं.

"दर शनिवारी."

पावशेर साखर मागावी आणि दुकानदाराने पोतंच गळ्यात बांधावं, तसा मावशीचा चेहरा झाला. पण तेपने उशी पुन्हा बाहेर काढली होती, त्यामुळे तिने पोतं घेतलं.

आता कोणाचं काय झालं ते सांगते. धनदेवाला आणि भूमिदेवाला भाजलेलं डुक्कर, केळ्यांचा घड आणि खरी पेंढ्याची राख मिळाली. मुओई त्या राखेकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणजे त्रिनचं नाकाबद्दलचं म्हणणं खरं होतं. देवांचं डुक्कर संध्याकाळी तामकाकांनी संपवलं. मांजरांना तीन टब आणि माणसांच्या तोंडचं सोयाबीन. मावशीला तिचे शनिवार-रविवार मिळाले, त्यातले शनिवार सुनेच्या देखरेखीखाली. भट्टीवाला अजून विचारतो, पोतं का नेत नाही. त्रिनला दर आठवड्याला अर्धा दिवस आमच्या गल्लीत काढावा लागतो, पण ती तो स्टुलावर बसून फोनवर लिपस्टिका विकत काढते आणि मागे मांजरं दिसतात म्हणून तिचा खप वाढलाय. म्हणजे तिच्या बाजूलाही तोटा नाही.

भरलं ते नदीपलीकडच्या विहीणबाईंनी. त्यांनी पोहायच्या वर्गाचे वर्षाचे पैसे एकरकमी भरले होते आणि ते परत मिळत नाहीत. तीन रविवार त्या तलावाच्या काठावर एकट्या बसल्या. चौथ्या रविवारी इस्त्रीचे रेशमी कपडे घालून, फेरी बोटीने, "सहजच आले हो" म्हणत मावशीच्या दुकानात आल्या. तेपने त्यांच्या हातात झारा दिला आणि नाक न दाबता गोळे कसे उचलायचे ते शिकवलं. तेव्हापासून तिसरा टब त्यांचा. मावशीने त्यांना बसायला चांगली खुर्ची दिली, चहा दिला, गोडही बोलली. मांजरांसाठी सुकी मासळी त्या इथूनच घेतात. पूर्ण भावाने.